जावेची नजर

राजाबाईला लग्नानंतर अकरा वर्षांनी पोर झालं, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी तिच्या धाकट्या जावेला झालं. आपल्या वाट्याला सुख आलं ते तेवढे नऊ दिवसच, असं राजाबाई पुढं कितीतरी वर्षं म्हणायची.

कंग्राळीत पावशांच्या घरात दोन भाऊ, त्यांची म्हातारी आई जयाबाई आणि दोन सुना. थोरला भरमू, त्याची बायको राजाबाई. धाकटा मष्णू, त्याची बायको शालूबाई. तिचं माहेर सदलग्याचं. भाऊ शेतात रताळी-बटाटे काढायचे आणि गाडीत भरून बेळगावच्या बाजारात न्यायचे. साल चौतीस-पस्तीसचं असेल. राजाबाईला त्याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा पोट पडलं होतं. शालू घरात आली, आणि वरीस सरायच्या आत तिची ओटी भरायची वेळ आली.

राजाबाईला मुलगी झाली, मालू. मालूच्या बारशाला पाच बाया आल्या, घुगऱ्या खाऊन गेल्या. शालूला मुलगा झाला, रवळू. त्याच्या बारशाला अख्खी गल्ली लोटली, आणि मष्णूनं बेळगावहून खव्याचा कुंदा आणला. जयाबाईनं कुंद्याचा एक तुकडा मालूच्याही ओठाला लावला आणि म्हणाली, "घे गं, भावाच्या नशिबाचं." राजाबाईनं पदरानं मालूचं तोंड पुसून टाकलं. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही, असं तिला वाटलं.

शालू वाईट असती तर बरं झालं असतं. ती तशी नव्हती. आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या आक्काची मालू बघा किती गोरी हाय!" राजाबाईच्या छातीत तेव्हा जास्तच कळ उठायची. देणाऱ्याच्या घरात भरलेलं असतं म्हणून देतोय, असं तिला वाटायचं.

दोन पोरं एकाच सोप्यात, एकाच गोधडीवर वाढत होती. त्यामुळं तुलना करायला राजाबाईला कुठं लांब जावं लागत नव्हतं. रवळूनं मान आधी धरली. पालथा तो आधी झाला. खुळखुळा वाजला की रवळू मान वळवून खिदळायचा. मालू नुसती बघत राहायची. राजाबाई मनातल्या मनात दिवस मोजायची, त्यानं हे कधी केलं आणि हिनं कधी. नऊ दिवसांनी लेकच थोरली, तरी मागं, याचा तिला राग यायचा. मालूचा नाही, त्या पोराचा.

सहावा महिना लागला आणि रवळू नमस्कार घालायला लागला.

पहिल्यांदा ते जयाबाईनं बघितलं. पोरगं सकाळी झोपेतनं उठलं, पडल्या पडल्या त्यानं दोन्ही हात बाजूला फेकले, मग ते छातीपाशी जवळ आले, मान पुढं वाकली, गुडघे पोटाशी आले. क्षणभर तसंच राहून सैल झालं. मग पुन्हा तसंच. पुन्हा.

"अगं शालू, बघ गं! देवाला नमस्कार घालालाय पोरगं!" जयाबाई ओरडली आणि तिनं त्याला उचलून देव्हाऱ्यापुढं धरलं. तिथंही त्यानं दोनदा मान वाकवली.

चार दिवसांत गावभर झालं. बायका सकाळी सकाळी दळण-पाणी टाकून यायला लागल्या. कुणी नारळ ठेवलं, कुणी हळद-कुंकू. पिरनवाडीहून दोघी चालत आल्या. त्यांच्याबरोबर आलेला एक म्हातारा गवंडी दारात उभा राहून म्हणाला, "हे तर सलाम करतंय की बच्चा." सगळे हसले. जयाबाई प्रत्येकीला सांगायची, "ह्या घराण्यात असलं पोर जन्मलं न्हवतं." मालू शेजारी हात-पाय हलवत पडलेली असायची. आलेल्या बाया तिला ओलांडून रवळूकडं जायच्या.

एका दुपारी घरात कुणी नसताना राजाबाईनं मालूला मांडीवर घेतलं आणि तिचे दोन्ही तळवे धरून जोडले. "नमस्कार कर. कर की. असं." मालूला तो खेळ वाटला. ती हसली आणि हात सोडवून आईच्या नाकातली नथ धरायला गेली. राजाबाईनं पुन्हा हात जोडले, पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा राजाबाईनं तिच्या तळव्यावर फटका मारला. पोर आधी गप्प झाली, मग ओठ काढून रडली. त्या रडण्यानं राजाबाई भानावर आली आणि लेकीला छातीशी धरून स्वतःच रडत बसली. पण रडून झाल्यावर राग पुन्हा होता तिथंच होता.

त्या दिवसापासनं ती रवळूवर नजर ठेवायला लागली. का, ते तिला पक्कं माहीत होतं. तिला त्याच्यात खोट काढायची होती.

आणि बघता बघता तिच्या एकेक ध्यानात यायला लागलं. पोरगं नमस्कार घालतं ते फक्त झोपेतनं उठल्यावर. पुढ्यात देव असो की भिंत, त्याला फरक पडत नाही. बाया बसून "कर रं बाळा, कर" म्हणतात तेव्हा कधीच करत नाही. एकदा सुरू झालं की मागोमाग होतं, मध्ये एखादा श्वास जावा एवढाच खंड. कधी बारा, कधी अठरा. प्रत्येक वेळी डोळे वर चढतात. आणि सगळं झाल्यावर ते दचकून उठल्यासारखं रडतं. नमस्कार घालून कुणी असं रडतं का?

मग एक दिवस दुसरी गोष्ट ध्यानात आली. मालूसाठी तिनं खुळखुळा वाजवला, तर मालू खदाखदा हसली. शेजारी रवळू पडला होता. त्यानं मान वळवली नाही. राजाबाईनं खुळखुळा त्याच्या कानाशी नेला, डोळ्यांपुढनं फिरवला. पोराची नजर तुळईवर होती, ती तिथंच राहिली. महिन्याभरापूर्वी ह्याच पोरानं त्याच खुळखुळ्यासाठी गोधडी सोडली होती. तो शेवटचा हसला कधी? आठवून आठवून तिला आठवेना.

तिला बरं वाटलं.

खरं तेच सांगायचं तर, पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. मालू पुढं गेली होती. राजाबाई त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणत होती. मग तव्यावर भाकरी फुगली आणि तिचं गुणगुणणं थांबलं. ज्या पोराला आपण रात्रंदिवस डोळ्यांनी खात होतो, त्या पोराचे डोळे विझलेत. ही नजर कुणाची लागली? गावात दुसरं कोण होतं त्याच्यावर जळणारं?

म्हणून ती गप्प राहिली. सांगितलं तर आधी हेच विचारतील, तुला कसं कळलं? आणि गप्प राहण्यात आणखीही एक होतं. बाया नारळ घेऊन येतच होत्या, जयाबाई मिरवतच होती. येऊ द्या, मिरवू द्या. कळेल तेव्हा कळेल.

एकदा मात्र तोंडातनं निघून गेलंच. घरात सातआठ बाया बसल्या होत्या. जयाबाई एकीला म्हणाली, "थोरलीचं पोर काय, पोरीची जात. ह्यो बघा, वंशाचा दिवा." राजाबाई चुलीपाशी होती. ती तिथनंच बोलली, "आत्ती, त्यो नमस्कार न्हाय. ते झटकं हाईत."

जयाबाईनं वळून चुलीकडं बघितलं.

"काय म्हनालीस?"

"झटकं हाईत. पोरगं बघत न्हाय, हसत न्हाय. नीट बघा जरा."

जयाबाई उठून उभी राहिली. "तुझ्या डोळ्यात सलालाय माझा नातू. बारशापासनं बघालोय मी. इतकी जळू नको गं बाई, जळू नको."

भरमूनंही संध्याकाळी बायकोलाच चार शब्द सुनावले. तिन्हीसांजेला जयाबाईनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि ठसका उठल्यावर राजाबाईकडं बघूनच खोकली. दुसऱ्या दिवसापासनं शालू रवळूला तिच्याजवळ ठेवीनाशी झाली. विहिरीला जातानाही काखेत घेऊन जायची. राजाबाईनं मनाशी म्हटलं, मरू दे. आता विचारलं तरी सांगणार नाही.

वीस दिवस गेले.

एका दुपारी राजाबाई परड्यात धुणं वाळत घालत होती. शालू पोराला घेऊन आली आणि दोरीच्या पलीकडं उभी राहिली. दोघींच्या मध्ये ओलं लुगडं लोंबत होतं.

"आक्का."

राजाबाईनं पुढचं धुणं पिळायला घेतलं.

"आक्का, त्यो माझ्याकडं बघत न्हाय. दूध पितो, पर बघत न्हाय. मी हाक मारली काय, मांजर वरडलं काय, सारखंच त्याला." तिचा आवाज चिरकला. "तुमी काय बघितलासा? सगळं सांगा मला."

त्या एका घटकेला राजाबाईच्या हातात सगळं होतं. ती म्हणू शकली असती, आत्तीला विचार जा. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. पण लुगडं वाऱ्यानं बाजूला झालं आणि तिला शालूचा चेहरा दिसला. बावीस वर्षांची पोरगी, पण तोंड पार सुकून गेलेलं. राजाबाईनं पिळा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. उठल्यावरचे झटके, त्यांची मोजणी, वर चढणारे डोळे, मागनं येणारं रडं, खुळखुळा.

शालूनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कवापासनं म्हाईत हाय हे तुमाला?"

"वीस दिस झालं. थोडं जास्तच."

शालू रवळूच्या टाळूवर हात फिरवत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "उद्या गाडी बेळगावला जाणार हाय. तुमी चला. मला हे असलं सांगाय येणार न्हाय."

सकाळी मष्णूनं गाडी जोडली. रताळ्यांच्या पोत्यांवर दोघी जावा दोन पोरं घेऊन बसल्या. जयाबाई दारात तोंड फिरवून उभी होती.

बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळात दत्तोपंत हेरेकर डॉक्टरांचा दवाखाना होता. मुंबईला शिकून आलेले, पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी रवळूला तपासलं. दिवा डोळ्यांपुढनं नेला, कानामागं टाळी वाजवली, डोक्याभोवती दोरी धरून मोजलं. मग शालूला विचारायला लागले. झटके कधी येतात? एका वेळी किती? मधे किती अंतर? दिवसातनं किती वेळा? आधी मूल हसत होतं का, कधी बंद झालं?

शालू एकेका प्रश्नाला मागं वळून राजाबाईकडं बघायची. शेवटी राजाबाईच बोलायला लागली. तिनं सगळं सांगितलं. सकाळी उठल्यावर अठरापर्यंत, दुपारच्या झोपेनंतर कमी, तिन्हीसांजेला पुन्हा. पहिले दोन-तीन हलके, मधले जोराचे, शेवटचे पुन्हा हलके. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली.

"पोरगं झोपवा इथंच," ते म्हणाले. "उठेपर्यंत थांबू."

तासाभरानं रवळू जागा झाला. हात फेकले गेले, जवळ आले, मान वाकली. डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले आणि घड्याळ हातात धरून शेवटच्या झटक्यापर्यंत बघत राहिले. चौदा झाले. पोर रडायला लागल्यावर त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं.

"हा मेंदूचा आजार आहे," ते म्हणाले. "फार क्वचित होतो. शिकत असताना मी एकदा पाहिला होता, त्याला पंचवीस वर्षं झाली. मूल सलाम केल्यासारखं वाकतं म्हणून पुस्तकात त्याला सलामीचे झटके म्हणतात. विलायतेतल्या एका डॉक्टरच्या स्वतःच्या मुलाला झाला होता. त्यानंच पहिल्यांदा लिहून ठेवलं, त्याला नव्वदच्या वर वर्षं झाली."

"त्यांचं पोरगं बरं झालं?" शालूनं विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "नाही," ते म्हणाले. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. झटके कमी करायला पुडी देतो. त्यानं गुण येईल किंवा येणारही नाही. काही मुलांचे झटके दोन-तीन वर्षांनी आपोआप थांबतात. पण जे गेलं ते सगळं परत येत नाही."

शालूच्या मांडीवर पोर होतं. ती त्याच्यावर वाकली आणि तशीच राहिली. मष्णू दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला.

"डाक्टर," राजाबाईनं विचारलं. "हे नजर लागून हुतंय का?"

"नाही हो बाई. नजरेनं नाही, देवाच्या कोपानं नाही, आईच्या खाण्यापिण्यानंही नाही. कुणी काही केल्यामुळं झालेलं नाही हे."

राजाबाईनं भिंतीला पाठ टेकली. वीस दिवस तिच्या उरावर जे बसलं होतं ते उठलं.

मग डॉक्टरांनी काय करायचं ते समजावलं. झटके चालू असताना पोटात काही घालायचं नाही, थांबल्यावरही अर्धा तास नाही. पाजताना कधीच आडवं धरायचं नाही. मान हातावर, अंग बसतं. झटक्यात दातांत चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं. बाळगोळी नको, अफू नको, डागणी तर मुळीच नको. पुडी एक दिवसही चुकवायची नाही, एकदम बंद करायची नाही. "आणि झटके रोज मोजा. पुढच्या वेळी मला सांगा." हे सगळं ते राजाबाईकडं बघूनच सांगत होते. "तुम्ही मोठी आई का ह्याची?"

"व्हय. थोरली चुलती."

"माया असल्याशिवाय एवढं बारीक कुणी बघत नाही. आयाही बघत नाहीत."

राजाबाईला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शालू शेजारीच बसली होती. तिनं मान वर केली नाही.

घरी आले तर गावची सुईण अंबुबाई येऊन बसलेली. जयाबाईनंच बोलावलं होतं. विळ्याचं टोक चुलीत तापत ठेवलं होतं.

"असली झटकी मी धा पोरांची घालवलीत," अंबुबाई म्हणाली. "कपाळावर एक आनि टाळूवर एक. आणा हिकडं."

राजाबाईनं मालूला जमिनीवर ठेवलं आणि चुलीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "डाग द्यायचा न्हाय."

"तू कोन सांगनार?" जयाबाई किंचाळली. "तुला त्यो बरा व्हायाच नको!"

हे ऐकून राजाबाईची नजर खाली गेली, कारण एके काळी ते खरं होतं. ती काही बोलायच्या आत मागनं शालू म्हणाली, "आत्ती, आक्का म्हनतील तसं करायचं. पोरगं माझं हाय." तिनं फडकं घेऊन विळा चुलीतनं काढला आणि पाण्याच्या घंगाळात बुडवला. चर्र आवाज झाला. अंबुबाई पदर झटकून निघून गेली.

त्या दिवसापासनं रवळू राजाबाईच्या ताब्यात गेला म्हटलं तरी चालेल. कडू पांढरी पुडी मधात घालून द्यायची तीच. चिंचोके मोजून झटके लक्षात ठेवायची तीच. बोंडल्यानं पेज पाजायचीही तीच, कारण शालूचे हात थरथरायचे आणि पोर ठसकायचं. राजाबाईचा हात स्थिर होता. तिच्या खांद्यावर घेतलं की रवळू रडायचा थांबायचा. गल्लीतल्या बाया आता म्हणायला लागल्या, "थोरली म्हनून पोर जगलंय." जयाबाईसुद्धा एकदा म्हणाली, "राजा, बघ गं त्याला, तुझंच ऐकतंय ते." इतक्या वर्षांत सासूनं तिला असं मायेनं राजा म्हटलं नव्हतं. राजाबाईला ते गोड लागलं, आणि गोड लागलं याची लाजही वाटली. पण जास्त गोडच लागलं.

मालू वर्षाची झाली आणि एका सकाळी भिंत सोडून तीन पावलं चालली. राजाबाई हरखून ओरडली, "बघ गं शालू!" शालूनं बघितलं. तिच्या तोंडावर हसू होतं, पण डोळ्यांत दुसरंच काही होतं, आणि ते राजाबाईनं ताबडतोब ओळखलं. ती स्वतः किती महिने त्याच डोळ्यांनी गोधडीवरच्या पोराकडं बघत होती. तिनं मालूला उचलून आत नेलं.

त्याच आठवड्यात ते घडलं. राजाबाई शेतातनं जरा उशिरा आली. दारातच तिला घुसमटलेला आवाज ऐकू आला. शालूनं रवळूला मांडीवर आडवं घेतलं होतं आणि बोंडलं त्याच्या तोंडात होतं. पोराचे ओठ निळे पडले होते, पेज नाकातनं येत होती.

राजाबाईनं त्याला हिसकावून घेतलं, पालथं करून हातावर टाकलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापा मारल्या. एक, दोन, पाच, सात. मग पेजेची गुठळी बाहेर पडली आणि पोरानं फाटक्या आवाजात श्वास घेतला.

"झटकं थांबून किती वेळ झालता?" राजाबाई ओरडली. "आडवं का धरलंस? सांगितलं न्हवतं का?"

"माझं पोर हाय!" शालू तिच्या दुप्पट आवाजात ओरडली. "मी पाजीन न्हायतर मारीन! तुमची चालाय लागली. माझा गिळायचं इसरालाय, आनि तेवढाबी तुमचाच झाला! माझ्या हातात रडतोय आनि तुमच्या हातात गप. डाक्टर तुमाला इचारतोय, आत्ती तुमाला इचारत्यात. मी कोन मग ह्या घरात?"

राजाबाई पोराला खांद्यावर धरून उभी होती. त्याचा श्वास तिच्या मानेवर घरघरत होता. ती हळूच खाली बसली.

"शालू, डाक्टर म्हनाले माया. माया न्हवती गं ती. मी खोट काढाय बघत हुतो. त्यो हसंना झाला त्या दिशी मला बरं वाटलं. मालू फुडं गेली म्हनून."

"म्हाईत हाय मला," शालू म्हणाली.

"कवापासनं?"

"परड्यात सांगितलासा तवापासनं. एकदा आत्तीला बोलून फुडं वीस दिस कोन उगंच गप बसतंय?" तिनं डोळे पुसले. "आनि परवा मालू चालली तवा मला वाटलं, पडावी. पाय मोडावा हिचा. तुमी उचलून आत नेलासा. तुमाला कळलं."

"कळलं."

मालू दुडदुडत आली आणि दोघींच्या मधे बसून सांडलेल्या पेजेत बोट बुडवायला लागली. कुणी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासनं राजाबाईनं रवळूला शालूच्या मांडीवर बसतं ठेवलं, मागनं स्वतः बसली आणि शालूच्या हाताखाली आपला हात धरला. "मान हितं. बोंडलं असं तिरकं. गिळल्याचा आवाज येऊ दे, मगच दुसरा घोट. घाई न्हाय." पहिले काही दिवस शालूचा हात थरथरायचाच. मग थरथर कमी झाली. पंधरा दिवसांनी राजाबाईनं आपला हात काढून घेतला आणि रवळू आईच्या हातून वाटीभर पेज प्याला, एकदाही न ठसकता. राजाबाई शेजारी बसून बघत होती. छातीत जुनी कळ उठली. आतापर्यंत ते पोर फक्त तिच्या हातून प्यायचं. तिनं तोंडातल्या तोंडात "शाबास" म्हटलं आणि गोठ्यात शेण काढायला निघून गेली.

पुढच्या वेळी बेळगावला गेल्यावर दत्तोपंतांनी वही उघडली आणि सवयीनं राजाबाईकडं बघितलं. "बोला बाई, किती झटके?"

ओठावर आलेलं तिनं गिळलं. "त्याच्या आईला इचारा."

शालूनं सांगितलं. सकाळी नऊ, दुपारी चार, तिन्हीसांजेचे बंद. पुडी एकदाही चुकली नाही. ठसका दोनदा, तोही सर्दी होती तेव्हा. एक गोष्टसुद्धा तिनं चुकीची सांगितली नाही. डॉक्टर तिला शाबासकी देत होते तेव्हा राजाबाई खिडकीतनं बाहेर बैलांकडं बघत होती.

रवळू साडेसहा वर्षं जगला. तिसऱ्या वर्षी झटके थांबले. तो कधी बसला नाही, बोलला नाही. पण आईचा आवाज आला की मान त्या बाजूला करायचा. मार्गशीर्षातल्या थंडीत छाती भरून गेला, आणि दोघी जावांनी मिळून त्याला शेवटची आंघोळ घातली.

दीड वर्षानं शालूला मुलगी झाली. पोरीला पाचवा महिना लागला तशा दोघींच्या झोपा उडाल्या. पोर झोपेतनं उठायच्या वेळी दोघी हातातलं काम टाकून तिच्या दोन बाजूंना येऊन बसायच्या आणि श्वास रोखून बघायच्या. पोरगी डोळे उघडायची, आळस द्यायची आणि दोघींकडं आळीपाळीनं बघून हसायची. सातवा महिना गेला, आठवा लागला, तरी दोघी बसतच होत्या. आठव्यात एके दिवशी पोर कुणाच्या आधाराशिवाय उठून बसली.

"माझी मालू ह्या वयाला लोळत हुती," राजाबाई म्हणाली. तिचा आवाज थोडा तुटकच आला.

शालूनं तिच्याकडं बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. "जळा आक्का, जळा थोडं. बरं वाटतं."